ब्लॅकबर्न ऑलिम्पिक, १८८३: आठवडाभराच्या सुट्टीवर जिंकलेला एफए कप

ब्लॅकबर्न म्हटलं की आपल्याकडे लोकांना आधी व्हेंकीज आठवतं, कारण नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्हेंकीजवाल्यांनी इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला आणि २०१२ ला ती टीम प्रीमियर लीगमधून खाली गेली. पण मला लिहायचंय ते रोव्हर्सबद्दल नाही. त्याच गावात ब्लॅकबर्न ऑलिम्पिक नावाची अजून एक टीम होती, १८७८ ला दोन छोटे क्लब एकत्र येऊन सुरू झाली आणि १८८९ ला बंद पडली, उणंपुरं अकरा वर्षांचं आयुष्य. त्यात तिने एकच मोठी गोष्ट केली. ३१ मार्च १८८३, शनिवार, लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर तिने ओल्ड इटोनियन्सला, म्हणजे ईटन या बड्यांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या टीमला, २-१ ने हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचा कप, नेला.

हे प्रकरण बहुतेक ठिकाणी 'गिरणी कामगारांनी साहेबांच्या पोरांना हरवलं' एवढ्या एका ओळीत उरकतात. ऐकायला छान वाटतं आणि खोटंही नाही, पण त्यातून हे कळत नाही की त्या आधीच्या अकरा वर्षांत कामगारांना हे का जमलं नव्हतं आणि त्या वर्षीच का जमलं. मी हे प्रकरण बरेच दिवस उलटसुलट करून बघतोय आणि माझं मत असं झालंय की इथे मुद्दा खेळाच्या दर्जाचा कमी आणि वेळेचा जास्त होता. खेळायला वेळ कोणाकडे आहे, आणि ज्याच्याकडे नाही त्याचा वेळ कोण विकत घेतंय. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

आधी कप कसा सुरू झाला ते

२० जुलै १८७१ ला लंडनमध्ये 'स्पोर्ट्समन' नावाच्या पेपरच्या ऑफिसात एफएची मीटिंग झाली आणि सेक्रेटरी चार्ल्स अल्कॉकने सुचवलं की सगळ्या क्लबांसाठी एक कप ठेवूया. अल्कॉक हॅरो शाळेचा. तिथे हॉस्टेलच्या हाऊसेसमध्ये हरला की बाहेर अशा पद्धतीची स्पर्धा चालायची, तीच कल्पना त्याने देशभरासाठी उचलली. हाच अल्कॉक पुढे सरे क्रिकेट क्लबचाही सेक्रेटरी झाला आणि ओव्हल त्याच्या हाताखाली आलं, म्हणून सुरुवातीच्या बहुतेक फायनली क्रिकेटच्या मैदानावर झालेल्या दिसतात.

पहिल्या सीझनला फक्त १५ क्लब आले. ट्रॉफी केली २० पौंडांत, चांदीची, छोटीशी.

आता पहिल्याच सीझनची एक गोष्ट बघा, कारण पुढचं सगळं त्यात आधीच दिसतं. ग्लासगोचा क्वीन्स पार्क क्लब बाय वगैरे मिळत एकही मॅच न खेळता सेमी फायनलला पोचला, लंडनला जाऊन वाँडरर्सशी ०-० बरोबरी केली, आणि मग रिप्लेसाठी परत लंडनला यायला पैसे नाहीत म्हणून स्पर्धाच सोडून दिली. वाँडरर्स फायनलला गेले, रॉयल इंजिनिअर्सना १-० ने हरवून पहिला कप त्यांनी घेतला. म्हणजे क्वीन्स पार्क मैदानात हरलेच नव्हते, ते ट्रेनच्या भाड्याला हरले.

पहिल्या अकरा वर्षांत कप कोणाकडे गेला बघितलं तर वाँडरर्स, रॉयल इंजिनिअर्स, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी, ओल्ड इटोनियन्स, क्लॅपहॅम रोव्हर्स, ओल्ड कार्थुजियन्स. सैन्यातले ऑफिसर, युनिव्हर्सिटीतले विद्यार्थी, आणि ईटन, चार्टरहाऊस अशा शाळांचे माजी विद्यार्थी. हे लोक खेळायचे चांगलेच, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांच्यातला कोणीही शुक्रवारी गाडीत बसला म्हणून त्याच्या घरची चूल थंड पडत नव्हती.

लँकेशायरचा शनिवार

ब्लॅकबर्न, डार्वेन, बोल्टन, प्रेस्टन, ही सगळी उत्तर इंग्लंडच्या लँकेशायर भागातली कापडाची गावं. ब्लॅकबर्नच्या मागांवर आपल्याकडे विकायची धोतरं विणली जायची, आणि अमेरिकेतल्या यादवीत तिथला कापूस थांबला तेव्हा मुंबई बंदरातून याच गिरण्यांना कापूस गेला, त्या तेजीत मुंबई किती वर आली आणि नंतर कशी आपटली हे आपल्याला माहितीये. तर अशा गावात १८५० च्या फॅक्टरी कायद्यापासून शनिवारी दुपारी गिरणी सुटायची. फुटबॉल शनिवारी दुपारी का खेळतात याचं उत्तर तिथे आहे. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मागणी लावून धरल्यावर १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली, आणि त्याआधी चाळीस वर्षं लँकेशायरच्या कामगाराला शनिवारची अर्धी दुपार मोकळी होती. त्या अर्ध्या दुपारीने तिथे काय काय उभं केलं हे बघितलं की लोखंड्यांनी नेमकं काय मागितलं होतं ते जास्त कळतं, निदान मला तरी कळलं.

पण अर्धी दुपार गावातल्या गावात खेळायला पुरते. लंडनला जाऊन खेळायचं म्हणजे शुक्रवारी निघायचं, शनिवारी खेळायचं, रविवारी परत. त्यात शनिवार सकाळची मजुरी गेली, बहुतेकदा शुक्रवारचीही गेली, वर भाडं, वर राहणं.

१८७९ ला डार्वेनच्या टीमने हे भोगलं. क्वार्टर फायनलला ओल्ड इटोनियन्सविरुद्ध लंडनमध्ये ते ५-१ ने मागे होते, तिथून ५-५ केलं. त्यांना एक्स्ट्रा टाइम खेळायचा होता, इटोनियन्सनी नको म्हटलं. नियमाप्रमाणे या टप्प्यापासूनच्या मॅचेस लंडनलाच, त्यामुळे रिप्लेही लंडनला. डार्वेनमध्ये लोकांनी वर्गणी काढली, टीम परत गेली, २-२. पुन्हा वर्गणी, तिसऱ्यांदा लंडन, आणि तिसऱ्या मॅचला ६-२ ने हरले. एका महिन्यात तीनदा एवढा प्रवास करून आलेली, मजुरी बुडवलेली पोरं तिसऱ्या वेळी दमणारच हो. आपल्याकडे गावच्या टीमसाठी पेठेतून पावती पुस्तक फिरवलेल्यांना ती वर्गणी काय असते ते सांगायला नको.

त्या डार्वेन टीममध्ये दोन स्कॉटिश खेळाडू होते, फर्गस सूटर आणि जेम्स लव्ह. सूटर मूळचा पाथरवट. इंग्लंडला आला आणि लवकरच पाथरवटाचं काम सोडलं, म्हणे इथला दगड फार कडक आहे. मग पोट कशावर चालत होतं ते गावात सगळ्यांना माहीत होतं. १८८० ला तो डार्वेन सोडून ब्लॅकबर्न रोव्हर्सला गेला, यावरून दोन गावांत भयंकर वाजलं. काही वर्षांपूर्वी ओटीटीवर या काळावर एक सिरीज आली होती, तिच्यात ऑलिम्पिक आणि रोव्हर्स मिसळून एकच 'ब्लॅकबर्न' केलंय आणि १८८३ चा कप सूटरच्या हातात दिलाय. सूटर ऑलिम्पिककडून कधीच खेळला नाही. तो १८८२ ची फायनल रोव्हर्सकडून खेळून हरला, इटोनियन्सनी १-० ने घेतली, आणि जिंकल्यावर त्यांचा कॅप्टन आर्थर किनेर्ड पॅव्हेलियनसमोर डोक्यावर उभा राहिला. लांब तांबूस दाढी, पांढरी लांब विजार, आणि डोक्यावर उभा! किनेर्ड बँकर होता, उमराव घराण्यातला, पण मैदानावर टाचा-गुडघे फोडून घ्यायला सगळ्यात पुढे. मला हा माणूस आवडतो, त्याला खलनायक करून ही गोष्ट सांगणाऱ्यांशी माझं जमत नाही.

ऑलिम्पिकने काय वेगळं केलं

रोव्हर्स हा गावातला वजनदार क्लब. ऑलिम्पिक त्यांच्यापेक्षा गरीब, 'होल इन द वॉल' नावाच्या पबजवळच्या मैदानावर खेळणारा. टीममध्ये विणकर, सूतकताई करणारा, लोखंडाच्या फाउंड्रीतले कामगार, एक प्लंबर, एक फोटोफ्रेम बनवणारा, एक दाताच्या डॉक्टरकडचा असिस्टंट. त्यांच्या मागे उभा होता सिडनी येट्स नावाचा स्थानिक फाउंड्रीवाला, पैसा त्याचा. आणि खेळाची सूत्रं होती जॅक हंटरकडे, शेफील्डहून आलेला, इंग्लंडकडून खेळलेला, वयाने मोठा, मैदानावर सेंटरला खेळायचा आणि बाहेर कोचिंग करायचा. 'कोच' हा शब्द तेव्हा फुटबॉलमध्ये कोणी वापरत नव्हतं, काम मात्र तेच.

सेमी फायनलला त्यांनी ओल्ड कार्थुजियन्सना ४-० ने धुतलं. आणि फायनलच्या आधी हंटर पूर्ण टीमला घेऊन ब्लॅकपूलला गेला. समुद्रकिनारी, काही दिवस, नुसतं ट्रेनिंग. ठरलेलं खाणं, ठरलेली झोप, वाळूतून चालणं, पळणं. आज कुठलीही अंडर-१५ टीम कॅम्प लावते, पण तेव्हा फायनलच्या आधी कामधंदा सोडून टीमला बाहेरगावी नेऊन तयार करायचं हे कोणी केलेलं नव्हतं, सभ्य लोकांना ते चक्क अखिलाडूपणाचं वाटलं, खेळायचं तर हौसेने खेळा, त्याची तालीम कसली करता असा सूर.

इथे थांबून हिशेब करा. अकरा-बारा माणसं, जवळपास आठवडाभर, कामावर नाहीत. एफएचा तेव्हाचा नियम असा की खेळाडूला प्रत्यक्ष झालेला खर्च आणि त्या मॅचसाठी खरोखर बुडालेली मजुरी एवढंच देता येईल, त्यापेक्षा जास्त काहीही घेतलं तर तो कपमध्ये खेळू शकत नाही. ब्लॅकपूलचा आठवडा यात कुठे बसतो? मॅच तर एकाच दिवसाची होती. नियमाच्या अक्षराला धरून बसलं तर तो आठवडा बसतच नाही. आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर इटोनियन्सना असे आठवडे वर्षभर मिळत होते, वडिलांच्या इस्टेटीतून, बँकेतून, त्याची मोजदाद कुठल्याच नियमात नव्हती. तोच वेळ घरच्या पैशातून आला तर खेळाडू हौशी, आणि फाउंड्रीवाल्याच्या पैशातून आला तर संशयित. हे मला वाचताना आजही खटकतं.

मॅच

आठेक हजार लोक होते ओव्हलवर. हॅरी गुडहार्टने इटोनियन्सचा गोल केला, हाफ टाइमला १-० इटोनियन्स. सेकंड हाफला आर्थर मॅथ्यूजने, तो फ्रेमवाला, बरोबरी केली. त्यातच इटोनियन्सचा आर्थर डन जखमी होऊन बाहेर गेला, सबस्टिट्यूट हा प्रकार नव्हताच, त्यामुळे उरलेला वेळ ते दहाजण. हे सांगायलाच पाहिजे, गोष्ट गोड व्हावी म्हणून ते झाकण्यात अर्थ नाही.

खेळायच्या पद्धतीतही फरक होता. इटोनियन्स जुन्या वळणाचे, बॉल घेऊन ड्रिबल करत घुसायचं, बाकीच्यांनी मागून रेटा द्यायचा. ऑलिम्पिकवाले या विंगवरून त्या विंगवर लांब पास टाकायचे. म्हणजे समोरच्याला पळवायचं. ९० मिनिटं असं पळवल्यावर, त्यात एक माणूस कमी, एक्स्ट्रा टाइममध्ये इटोनियन्सचे पाय संपले आणि ब्लॅकपूलचे पाय शिल्लक होते. मैदान ओलांडून आलेला पास सूतगिरणीतल्या जिमी कॉस्टलीला मोकळा मिळाला, त्याने तो गोलकीपर रॉलिन्सनच्या पलीकडे मारला. २-१.

डार्वेनने १८७९ ला एक्स्ट्रा टाइम मागितला होता आणि तो मिळाला नव्हता. इथे तो खेळला गेला. परत रिप्ले ठरला असता तर परत लंडन, परत मजुरी बुडवा, परत वर्गणी, आणि डार्वेनचं झालं तेच कदाचित ऑलिम्पिकचंही झालं असतं. या एका निर्णयाकडे फार कमी लोक लक्ष देतात.

ब्लॅकबर्नमध्ये बँड लावून मिरवणूक निघाली. कॅप्टन वॉरबर्टन बोलला की कप लँकेशायरमध्ये आलाय, इथे त्याला चांगलं घर मिळेल आणि तो लंडनला परत कधी जाणार नाही.

मग गाडी पैशावर आली

कप ऑलिम्पिककडेच राहिला, पण आता उत्तरेकडच्या प्रत्येक क्लबवर नजर आली. ॲक्रिंग्टन क्लबला १८८३ च्या शेवटी खेळाडूला पैसे दिल्याबद्दल एफएने बाहेर काढलं. आणि जानेवारी १८८४ मध्ये मोठं प्रकरण झालं. प्रेस्टन नॉर्थ एंड आणि लंडनचा अप्टन पार्क यांची कपची मॅच प्रेस्टनला १-१ सुटली, अप्टन पार्कने तक्रार केली की यांचे खेळाडू पगारी आहेत. प्रेस्टनचा कर्ताधर्ता विल्यम सुडेल, स्वतः कापड गिरणीचा मॅनेजर. बाकीचे सगळे अशा वेळी कानावर हात ठेवायचे, वह्या दोन-दोन ठेवायचे. सुडेलने एफएसमोर सरळ सांगितलं की हो, आम्ही बाहेरून खेळाडू आणतो, त्यांना गावात नोकऱ्या लावून देतो, आणि लँकेशायरमध्ये सगळेच हे करतात. प्रेस्टनला त्या वर्षीच्या कपमधून काढलं.

सुडेल काही संत नव्हता, पुढे १८९५ ला गिरणीच्या पैशांच्या अफरातफरीत त्याला तुरुंगवास झाला. पण १८८४ ला जे सगळे कुजबुजत होते ते तो टेबलावर मोठ्याने बोलला, याचं श्रेय त्याला द्यावंच लागेल.

त्याच वर्षी मार्चमध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स फायनलला लंडनला गेले तर तिथल्या एका पेपरने त्यांच्या चाहत्यांचं वर्णन जवळपास रानटी टोळी असं केलं, त्यांचे कपडे, त्यांची भाषा, सगळ्यावर नाकं मुरडली. रोव्हर्सनी कप जिंकला. १८८५ ला परत, १८८६ ला परत. सूटरला अखेर त्याचे तीन कप मिळाले.

ऑक्टोबर १८८४ मध्ये उत्तरेकडच्या तीसच्या वर क्लबांनी जाहीर केलं की आम्ही वेगळी ब्रिटिश फुटबॉल असोसिएशन काढतो. एफएपुढे आता दोनच वाटा होत्या, नियम कडक करून अर्धा देश घालवायचा किंवा पगार मान्य करायचे. इथे अल्कॉकची भूमिका मला महत्त्वाची वाटते. हॅरोचा माणूस, स्वतः हौशी खेळाडू, पहिल्या कपचा विजेता कॅप्टन. पण तो क्रिकेटमध्येही होता आणि क्रिकेटमध्ये पगारी खेळाडू उघडपणे खेळतच होते. त्याचं म्हणणं साधारण असं की चोरून पैसे दिले जातात हा खरा रोग आहे, ते उघडे करा म्हणजे नियमात आणता येतील. बरेच महिने मतदान फसत राहिलं, शेवटी २० जुलै १८८५ ला फ्लीट स्ट्रीटवरच्या अँडरटन्स हॉटेलात ठराव पास झाला, ३५ विरुद्ध ५. कप सुरू करायचा ठराव झाला त्याला त्याच तारखेला बरोबर चौदा वर्षं झाली होती.

अट मात्र घातली. पगारी खेळाडूला कपमध्ये खेळायचं असेल तर तो क्लबच्या मैदानापासून सहा मैलांच्या आत जन्मलेला हवा किंवा तिथे दोन वर्षं राहिलेला हवा. मी कोल्हापूरचा, आमच्याकडे तालमींच्या टीममध्ये पेठेतला पोरगा आणि बाहेरून आणलेला खेळाडू हा वाद दर सीझनला कट्ट्यावर होतोच, त्यामुळे हा सहा मैलांचा नियम वाचल्यावर मला तो लगेच ओळखीचा वाटला.

क्रिकेटने 'जंटलमन' आणि 'प्लेअर' हा भेद १९६२ पर्यंत ओढला, वेगळ्या ड्रेसिंग रूम, स्कोअरकार्डवर नावं लिहायची वेगळी पद्धत. फुटबॉलमध्ये पगार १८८५ लाच मान्य झाले आणि माझ्या मते त्यामागे कोणाचं मन वगैरे मोठं झालं नव्हतं, ब्लॅकपूलच्या त्या आठवड्याने दाखवून दिलं होतं की वेळ विकत घेतला की कामगारही जिंकतो, आणि मग प्रत्येक गावाला तो वेळ विकत घ्यायचाच होता.

ऑलिम्पिकचं काय झालं

वाईट झालं. १८८४ ला ते परत सेमी फायनलला गेले, क्वीन्स पार्ककडून ४-० ने हरले. नंतर पगार कायदेशीर झाले आणि पगाराच्या बाजारात एका फाउंड्रीवाल्याच्या आधारावर चालणारा क्लब किती टिकणार? त्याच गावात रोव्हर्स होते, जास्त प्रेक्षक, जास्त पैसा. १८८८ ला फुटबॉल लीग निघाली, बारा क्लब, ब्लॅकबर्नमधून रोव्हर्सना घेतलं. १८८९ ला ऑलिम्पिक बंद. ज्या दाराला त्यांनी धक्का दिला त्यातून बाकीचे आत गेले आणि ते स्वतः बाहेर राहिले. अठराशे ब्याऐंशीचे विजेते इटोनियन्स मात्र आजही आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत खेळतात, त्या स्पर्धेचं नाव आर्थर डन कप, तोच डन जो जखमी होऊन बाहेर गेला होता.

राहिला कप. १८८३ नंतर तो बर्मिंगहॅमला गेला, वेस्ट ब्रॉमला गेला, प्रेस्टनला, वुल्व्हरहॅम्प्टनला, नॉटिंगहॅमला गेला. १८९५ ला ॲस्टन व्हिलाने जिंकला, बर्मिंगहॅममधल्या शिलकॉक नावाच्या दुकानदाराच्या खिडकीत लोकांना बघायला ठेवला आणि सप्टेंबरमध्ये एका रात्री तो चोरीला गेला. परत कधी सापडला नाही. व्हिलाला २५ पौंड दंड झाला, त्यातून नवी ट्रॉफी केली. लंडनच्या क्लबने कप जिंकला तो थेट १९०१ ला, टॉटनहॅमने, पण ती ट्रॉफी नवी. वॉरबर्टन ज्या ट्रॉफीबद्दल बोलला होता ती नंतर लंडनच्या कुठल्याही क्लबकडे खरंच कधी गेली नाही.

ती दुसरी ट्रॉफी १९११ ला एफएने एका माणसाला भेट दिली, एफएच्या अध्यक्षपदाची २१ वर्षं पूर्ण केली म्हणून. तो माणूस आर्थर किनेर्ड, तेव्हा लॉर्ड किनेर्ड, १८८३ ला ओव्हलवर हरलेला कॅप्टन. आता ती मँचेस्टरच्या नॅशनल फुटबॉल म्युझियममध्ये आहे, ब्लॅकबर्नहून ट्रेनने तासाभरावर.